खोक्यावरचे डेसिबेल आणि कानातली शांतता

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी आम्हाला अभ्यासक्रमाबाहेरचे बरेच प्रश्न विचारतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. दोन-अडीच हजार रुपयांत मिळणारे, बाहेरचा गोंगाट बंद करणारे बिनतारी इअरबड्स खरोखर काम करतात का, आणि करत असतील तर त्यांतले कोणते घ्यावेत?

गोरेगावसारख्या उपनगरात हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि त्याच्या डोक्यावरून जाणारी मेट्रो, पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्ग आणि त्यापलीकडे लिंक रोड, मधोमध लोकलचे रूळ आणि जागोजागी चाललेली पुनर्विकासाची बांधकामे, या सगळ्यांच्या मधल्या पट्टीत हजारो मुले अभ्यासाला बसतात. घर एका-दोन खोल्यांचे असते. एकाचा अभ्यास आणि दुसऱ्याचा टीव्ही एकाच छताखाली चालतो. अशा घरातल्या मुलाने आईवडिलांकडे अडीच हजार रुपये मागितले, तर ती रक्कम घरखर्चाला कात्री लावूनच उभी राहते. म्हणून या प्रश्नाला सरळ आणि तपासून पाहता येईल असे उत्तर मिळायला हवे.

बाजारात मिळणारे उत्तर मात्र वेगळ्या प्रकारचे असते. खोक्यावर '३० डेसिबेलपर्यंत', '४२ डेसिबेलपर्यंत' असा एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि ज्याचा आकडा मोठा तो बड चांगला, असे गृहीत धरले जाते. हा आकडा खोटा असतोच असे आमचे म्हणणे नाही. परंतु एकटा आकडा विकत घेणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नाही, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे दाखवता येते. या लेखात तेच दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

अडवणे आणि खोडणे

आवाज कमी करण्याची दोन वेगवेगळी कामे हे बड्स करतात आणि मूल्यमापनात पहिली गफलत येथेच होते. पहिले काम आवाज अडवण्याचे. बडच्या टोकाला बसवलेली सिलिकोनची टोपी कानाच्या नळीत बाटलीच्या बुचासारखी बसते. या कामाला वीज लागत नाही. वरच्या वारंवारतेचे आवाज, म्हणजे शिट्टी, भांड्यांचा खणखणाट किंवा बोलण्यातले 'स', 'श', 'च' यांसारखे ध्वनी, अशा बुचाने बऱ्यापैकी अडतात. खालच्या वारंवारतेचे आवाज, म्हणजे इंजिनाची घरघर किंवा वातानुकूलन यंत्राचा घूं-घूं आवाज, मात्र सहज आत शिरतात. टोपी आणि कान यांच्यामध्ये बारीकशी फट राहिली तर ते जवळजवळ अडतच नाहीत.

दुसरे काम आवाज खोडण्याचे. यालाच जाहिरातीत 'अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन', थोडक्यात 'एएनसी' म्हणतात. ध्वनी हवेतून संपीडन आणि विरलन यांच्या मालिकेने पुढे जातो, हे आपण वर्गात शिकवतो. बडच्या बाहेरच्या अंगाला बसवलेला सूक्ष्म माइक येणारा आवाज टिपतो. आतील चिप त्याची उलटी प्रतिमा तयार करते आणि बडचा छोटा स्पीकर ती कानात सोडतो. बाहेरच्या आवाजाचे संपीडन कानाच्या पडद्याशी पोचेल त्याच क्षणी स्पीकरने तेथे तितकेच विरलन पोचवायचे, असे हे तत्त्व आहे. अकरावी-बारावीच्या भाषेत हे विनाशी व्यतिकरण झाले.

तत्त्व नवे नाही. जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले. ते प्रत्यक्षात उतरवण्याइतकी चपळ इलेक्ट्रॉनिक्स मात्र त्या वेळी नव्हती. भारतीय वंशाचे अमेरिकी अभियंते अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीमुळे हेडफोनमधले संगीत नीट ऐकू येईना, आणि त्या प्रवासातच त्यांनी त्यावरच्या उपायाचे गणित मांडायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठीचा हेडफोन २००० मध्ये बाजारात आला. म्हणजे ज्या आवाजासाठी हे तंत्र विकसित झाले तो एकसारखा, खालच्या वारंवारतेचा, इंजिनाचा आवाज होता. गोरेगावच्या घरातला आवाज तसा असतो का, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आवाज खोडण्याचे काम ब्लूटूथमधून होत नाही. मोबाइलवरचे गाणे ब्लूटूथने बडपर्यंत यायला काही दशांश सेकंद लागले तरी चालते. आवाज खोडायला इतका वेळ मिळत नाही, म्हणून ते काम बडमध्येच जागच्या जागी पार पडते.

थोडासा उशीर झाला तर

बाहेरच्या माइकपासून कानाच्या पडद्यापर्यंतचे अंतर दोन-तीन सेंटिमीटर असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर हे अंतर कापायला त्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. तेवढ्या वेळात आवाज टिपणे, उलटा करणे आणि स्पीकरमधून बाहेर काढणे ही तिन्ही कामे उरकली पाहिजेत. ती उरकली नाहीत तर काय होते, हे त्रिकोणमितीने पाहू.

समजा, बाहेरच्या आवाजाचा आयाम १ आहे आणि आपण तयार केलेल्या उलट्या तरंगाचा आयामही बरोबर १ आहे. मात्र हा उलटा तरंग ०.१ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाने उशिरा पोचतो. १०० हर्ट्झच्या तरंगाच्या एका आवर्तनाला १० मिलिसेकंद लागतात. म्हणून हा उशीर आवर्तनाच्या शंभराव्या भागाएवढा, अर्थात ३.६ अंशांचा होतो. दोन तरंगांच्या बेरजेत उरणारा आयाम हा त्या कोनाच्या अर्ध्याच्या साइनची दुप्पट असतो. येथे तो ०.०६३ येतो. याचा अर्थ आवाज सुमारे २४ डेसिबेलने घटला. हे यश चांगले म्हणावे लागेल.

आता तेवढाच उशीर ठेवून वारंवारता १००० हर्ट्झ करू. उशीर ३६ अंशांचा होतो, उरलेला आयाम ०.६२ येतो आणि घट जेमतेम ४ डेसिबेल भरते. सुमारे १६६७ हर्ट्झला उशीर ६० अंशांचा होतो आणि उरलेला आयाम बरोबर १ येतो. म्हणजे सगळा खटाटोप करून फायदा शून्य. ५००० हर्ट्झला उशीर १८० अंशांचा, म्हणजे अर्ध्या आवर्तनाचा होतो. उलटा तरंग सुलटा होऊन बसतो, आयाम दुप्पट होतो आणि आवाज ६ डेसिबेलने वाढतो.

हे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावे. आवाज खोडण्याचे तंत्र वरच्या वारंवारतेला निकामी का ठरते, हे त्यातून आपोआप कळते. म्हणूनच जाणकार अभियंते सुमारे एक ते दोन हजार हर्ट्झच्या वर खोडण्याचे काम आपणहून थांबवतात आणि पुढची जबाबदारी सिलिकोनच्या टोपीवर सोपवतात.

'अचानक येणारे आवाज या बड्सना खोडता येत नाहीत' असेही वारंवार म्हटले जाते. यात अर्धेच तथ्य आहे. दार आपटणे, कुकरची शिट्टी, हॉर्न, टाळी अशा आवाजांत वरच्या वारंवारतांचा भरणा असतो आणि ते निसटण्याचे मुख्य कारण हेच आहे. केवळ अचानकपणा हे कारण असते, तर एकसारखी वाजत राहणारी तीव्र शिट्टी तरी खोडली गेली असती. तीही खोडली जात नाही.

आकड्यांची शर्यत

आता जाहिरातींतल्या आकड्यांकडे वळू. वनप्लस कंपनीचे 'नॉर्ड बड्स २' भारतात २०२३ मध्ये २,९९९ रुपयांना आले तेव्हा दावा २५ डेसिबेलपर्यंतचा होता. त्याच वर्षी रिअलमीच्या 'बड्स टी३००'चा २,२९९ रुपयांना ३० डेसिबेलचा दावा आला. २०२४ मध्ये २,४९९ रुपयांचे 'सीएमएफ बड्स' ४२ डेसिबेलचा आकडा घेऊन आले, आणि त्याच वर्षी वनप्लसच्याच ३,२९९ रुपयांच्या 'नॉर्ड बड्स ३ प्रो'वर ४९ डेसिबेल हा आकडा होता. साधारण सव्वा वर्षात आणि जवळपास त्याच किमतीत आकडा २५ वरून ४९ वर गेला.

डेसिबेलची मोजपट्टी लॉगरिदमवर आधारलेली असल्याने ही वाढ दुपटीची नव्हे. २५ डेसिबेल घट म्हणजे आयामाचा सुमारे साडेपाच टक्के भाग उरणे. ४९ डेसिबेल घट म्हणजे जेमतेम एक तृतीयांश टक्का उरणे. दोन्हींत सोळा पटींचा फरक आहे. ४० डेसिबेल घट मिळवायची तरी उलट्या तरंगाचा आयाम एका टक्क्याच्या आत आणि वेळ सुमारे अर्ध्या अंशाच्या आत बरोबर यावी लागते. प्रत्येकाच्या कानाच्या नळीची लांबी आणि आकार निराळा असतो. बड किंचित सरकला तरी हिशेब बदलतो. इतकी अचूकता सर्व कानांत आणि सर्व वारंवारतांवर राखता येणार नाही, हे उघड आहे. ती मिळते एखाद्या अरुंद वारंवारता-पट्ट्यात, प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कानावर. 'पर्यंत' या शब्दाचा अर्थ एवढाच.

पण मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. मोठा आकडा अक्षरशः खरा मानला, तरी त्याने ऐकणाऱ्याला किती फरक पडतो? एक काल्पनिक, पण सोयीचे उदाहरण घेऊ. बाहेरच्या गोंगाटाचे दोन भाग करू. खालच्या वारंवारतेचा भाग ८० डेसिबेल आणि वरच्या वारंवारतेचा ७५ डेसिबेल. दोन्ही मिळून गोंगाट सुमारे ८१ डेसिबेल होतो.

पहिल्या बडने खालचा भाग ३० डेसिबेलने खोडला आणि त्याच्या टोपीने वरचा भाग १५ डेसिबेलने अडवला. कानात अनुक्रमे ५० आणि ६० डेसिबेल उरले. त्यांची डेसिबेलमधली बेरीज ६०.४ येते.

दुसरा बड महाग आहे. तो खालचा भाग ४५ डेसिबेलने खोडतो, मात्र टोपी तीच आहे. कानात ३५ आणि ६० डेसिबेल उरले आणि बेरीज ६०.० आली. खोक्यावरचा आकडा १५ डेसिबेलने वाढला, पण कानातला गोंगाट अर्ध्या डेसिबेलनेही घटला नाही.

तिसऱ्या प्रसंगी बड पहिलाच ठेवला, फक्त खोक्यात मिळणाऱ्या लहान-मध्यम-मोठ्या टोप्यांपैकी कानाला नीट बसणारी निवडली. त्यामुळे वरचा भाग १५ ऐवजी २० डेसिबेलने अडला. बेरीज ५६.२ झाली. एक पैसाही खर्च न करता चार डेसिबेलचा फायदा झाला.

ज्या वाटेने सर्वांत जास्त आवाज आत येतो ती वाट बंद केल्याशिवाय बाकीच्या वाटा कितीही घट्ट बंद करून उपयोग नाही. पावसात छपराची एक कौल फुटकी असेल, तर उरलेल्या कौलांवर डांबराचे दोन थर चढवून घर कोरडे राहत नाही.

सारख्या दिसणाऱ्या नावांचा घोळ

ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत मात्र डेसिबेलमुळे होत नसून अक्षरांमुळे होते. हजार-बाराशे रुपयांच्या बऱ्याच बड्सच्या खोक्यावर 'ईएनसी' अशी अक्षरे असतात. 'एनव्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन' हे त्याचे लांब रूप. 'बोट' ही कंपनी आपल्या अशा तंत्राला 'ईएनएक्स' म्हणते. एएनसी आणि ईएनसी या नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण कामात जमीन-अस्मानाचा. ईएनसी फोनवर बोलताना तुमच्या माइकमध्ये शिरणारा गोंगाट गाळते. त्याचा फायदा पलीकडे ऐकणाऱ्याला होतो. तुमच्या कानात येणारा गोंगाट त्याने तसूभरही कमी होत नाही. अभ्यासासाठी शांतता हवी म्हणून ईएनसीचे बड्स घेणे म्हणजे आपल्या घरात ऊन येते म्हणून शेजाऱ्याच्या खिडकीला पडदा लावणे. दुकानात विचारताना 'नॉइज कॅन्सलेशन आहे का?' असे विचारू नये, उत्तर नेहमी 'आहे' असेच येते. 'गाणे बंद असताना मला बाहेरचा आवाज कमी ऐकू येईल का?' असे विचारावे आणि तेथेच कानात घालून पाहावे.

ज्या स्वस्त बड्समध्ये खरी एएनसी असते, त्यांतही प्रकार आहेत. काहींत फक्त बाहेरच्या अंगाला माइक असतो. कानात प्रत्यक्ष किती आवाज उरला, हे अशा बडला कळतच नाही. 'हायब्रिड' म्हणवणाऱ्या बड्समध्ये आतल्या बाजूलाही एक माइक असतो आणि तो उरलेला आवाज मोजून दुरुस्ती करतो. आमच्या मते पाच-दहा डेसिबेलच्या दाव्यापेक्षा ही माहिती अधिक मोलाची आहे.

गोरेगावातली कानपरीक्षा

दीड ते साडेतीन हजार रुपयांच्या दरम्यानच्या, खरी एएनसी असलेल्या तीन जोड्या आम्ही ओळखीच्या लोकांकडून मागून घेऊन नेहमीच्या ठिकाणी वापरून पाहिल्या. तीन जोड्या म्हणजे नमुना नव्हे, म्हणून कंपन्यांची नावे देत नाही आणि त्यांचा क्रमही लावत नाही. वर मांडलेले गणित कानाला पटते का, एवढेच पाहायचे होते.

वातानुकूलित लोकलमध्ये दारे बंद असतात आणि मोटारींचा व हवा खेळवणाऱ्या यंत्रांचा आवाज एकसारखा येत असतो. तेथे तिन्ही जोड्यांनी स्पष्ट फरक दाखवला. कळ दाबताच तळातली घरघर मागे सरली. साध्या लोकलमध्ये चित्र बदलले. राम मंदिर, जोगेश्वरी, अंधेरी या टप्प्यात गाडीचा गडगडाट कमी झाला, पण रुळांच्या सांध्यांवरची खटखट, ब्रेकची किंचाळी आणि डब्यातली भांडणे जवळपास जशीच्या तशी ऐकू आली. खिडकीशी बसल्यावर आणखी एक अडचण आली. वाऱ्याचा झोत बाहेरच्या माइकवर आपटला की माइकपाशी निर्माण झालेली फडफड बड आवाज समजून उलटी करतो आणि कानात सोडतो. अशा वेळी एएनसी बंद केल्यावरच बरे वाटले.

महामार्गाच्या बाजूच्या घरात वाहनांची दूरची घोंघावणी चांगली विरली, हॉर्न मात्र विरले नाहीत. घरात छताच्या पंख्याची घरघर गेली. शेजारच्या खोलीतले बोलणे पातळ झाले, पण समजत राहिले. याचे कारण स्पष्ट आहे. बोलण्यातली बरीचशी ऊर्जा स्वरांमध्ये, म्हणजे खालच्या वारंवारतेत असते आणि अर्थ कळायला लागणारी व्यंजने प्रामुख्याने वरच्या वारंवारतेत असतात. बड पहिला भाग कमी करतो, दुसरा टोपीवर सोडतो. पार्श्वभूमीची घरघर गेल्याने शेजारचे बोलणे कधीकधी अधिक स्पष्ट वाटते. अभ्यासाला बसलेल्या मुलाचे लक्ष पंख्यापेक्षा शेजारच्या बोलण्याने जास्त विचलित होते, हे शिक्षकांना सांगायला नको.

कानाच्या भल्याचे काय?

या उपकरणाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि जाहिरातींत तो क्वचितच असतो. गोंगाटात गाणे किंवा व्याख्यान ऐकायचे तर आपण त्याचा आवाज गोंगाटाच्या वर नेतो. गोंगाट ८० डेसिबेल असेल, तर कानात त्याहून मोठा आवाज ओतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबेलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. त्यानंतर दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबेलला ती आठवड्याला अवघी ४ तास उरते. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबेलला आहे. गोरेगावहून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे हे ४ तास दोन-तीन दिवसांतच संपतात. आतील कानातल्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

गोंगाट खोडला गेला, तर ऐकण्याचा आवाज खाली ठेवता येतो. या उपकरणाचा हा खराखुरा लाभ आहे. मात्र तो आपोआप मिळत नाही. एएनसी चालू केल्यावर आवाजाची पट्टी आपण स्वतः खाली आणली तरच मिळतो. एएनसी आहे म्हणून तेच गाणे तितक्याच मोठ्याने आणि अधिक वेळ ऐकणाऱ्याला फायदा शून्य, तोटाच.

एक इशारा मात्र आग्रहाने द्यावासा वाटतो. रस्ता ओलांडताना, फलाटाच्या कडेने चालताना आणि सायकलवर बसताना हे बड्स कानात नसावेत. येणाऱ्या गाडीची तळातली घरघर हीच धोक्याची पहिली सूचना असते, आणि बड नेमकी तीच खोडतो.

वर्गात करून पाहता येईल असे

बड्सशिवायही हे तत्त्व वर्गात दाखवता येते. दोन सारखे स्पीकर एकमेकांसमोर जवळ ठेवा आणि दोन्हींना एकाच ठिकाणाहून सुमारे १०० हर्ट्झचा सूर द्या. मग एका स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा. आवाज एकदम दबतो. वारंवारता हळूहळू १००० हर्ट्झच्या पुढे न्या. दबण्याची जादू ओसरते, कारण तरंगलांबी ३.४ मीटरवरून ३४ सेंटिमीटर आणि त्याहून कमी होते आणि स्पीकरमधले लहानसे अंतरही तिच्या मानाने मोठे ठरते.

बड्सची परीक्षा घ्यायची असेल तर मोबाइलवर सूर निर्माण करणारे एखादे मोफत अॅप घ्या आणि १००, २००, ५००, १०००, २००० व ४००० हर्ट्झचे सूर मध्यम आवाजात मोठ्या स्पीकरवर वाजवा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला १०० हर्ट्झ पेलवत नाही. एका विद्यार्थ्याने बड्स घालून, गाणे न लावता, पाठ करून बसावे. एएनसी चालू-बंद करण्याचे काम दुसऱ्याने मोबाइलवरून करावे आणि आपण काय केले ते सांगू नये. शक्य असेल तर बडची स्वतःची सूचनेची टिंग आधी बंद करून ठेवावी. ऐकणाऱ्याने फक्त 'बदल झाला' किंवा 'नाही' एवढेच नोंदवावे. मग टोपी बदलून तेच पुन्हा करावे. दहा-बारा विद्यार्थ्यांच्या नोंदींचा तक्ता झाला की खोक्यावरच्या एका आकड्याऐवजी वर्गाकडे सहा वारंवारतांचे निकाल येतात. बड्स एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाताना टोप्या पुसून घ्याव्यात, हे वेगळे सांगायला नको.

कारखान्यातल्या कामगारांसाठी युरोपात विकल्या जाणाऱ्या कर्णरक्षकांवर वरच्या, मधल्या आणि खालच्या वारंवारतांसाठी घटीचे तीन स्वतंत्र आकडे छापलेले असतात. इअरबड्सच्या खोक्यावरही तसेच तीन आकडे छापणे कंपन्यांना अवघड नाही. ते मागणारा ग्राहक मात्र तयार व्हायला हवा, आणि तो शाळेतच तयार होऊ शकतो.

निष्कर्ष

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. रोज लोकलने, विशेषतः वातानुकूलित लोकलने किंवा बसने प्रवास करणाऱ्या आणि त्या वेळात व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी खरी एएनसी असलेले, कानात नीट बसणारे स्वस्त बड्स ही उपयोगी वस्तू आहे. आवाज खाली ठेवण्याची शिस्त असेल तर ती कानांचे रक्षणही करते. ३० डेसिबेलच्या जोडीऐवजी ४५ ची घेण्यासाठी हजार रुपये अधिक मोजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. खोक्यावरचे बॅटरीचे तास बहुधा डबीतली बॅटरी धरून आणि एएनसी बंद ठेवून मोजलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे. बडमधली इवलीशी लिथियम बॅटरी काही वर्षांत दमते आणि बहुतेकदा बदलता येत नाही. म्हणून ही खरेदी कायमची समजू नये.

घरी बसून केवळ शांतपणे वाचायचे असेल, तर उत्तर वेगळे आहे. औषधाच्या दुकानात काही दहा रुपयांत मिळणारी फोमची कानबुचे बोटांनी वळून नीट बसवली तर खालपासून वरपर्यंतच्या सगळ्याच वारंवारतांचा आवाज अडवतात. त्यांना चार्जिंग लागत नाही आणि त्यांच्यावर संदेशाची टिंगही वाजत नाही. अडीच हजार रुपये मागण्याआधी हा प्रयोग करावा.

आणि एक प्रश्न मूल्यमापनाच्या बाहेरचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला तर तेथे ती ५० आणि ४० आहे. मुंबई पोलिसांनी निवडक चौकांत हॉर्नचा आवाज ८५ डेसिबेलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा प्रयोग केला होता. गोंगाट जेथे जन्मतो तेथेच तो कमी करण्याचा तो एक मार्ग होता. कानातला बड एका माणसाचा गोंगाट कमी करतो, आणि तोही ज्याला परवडेल त्याचा. त्याच बाकावर बसणाऱ्या, ज्याला तो परवडत नाही अशा मुलाच्या वाट्याला पूर्ण गोंगाट तसाच राहतो. शाळेच्या फाटकाशी उभे राहून मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने विद्यार्थ्यांनी आठवडाभर नोंदी घेतल्या, तर त्या ढोबळ असल्या तरी प्रभाग कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात दाखवण्यासारख्या नक्कीच होतील.